काचेच्या पेटीतील हवा आणि वस्तीतील हवा

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या विचारपीठावरून बाबासाहेबांचे जीवनकार्य, राज्यघटना आणि धम्म ह्यांवर अभ्यासपूर्ण व्याख्याने होतात. यंदा संयोजकांनी आम्हांला आमच्या व्यवसायाविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही संकोचलो. आमचा व्यवसाय चारचौघांत सहज सांगावा असा नाही. एखाद्या रसायनाचे बाष्प हवेत किती प्रमाणात मिसळले असता ते प्राणघातक ठरते, हे पांढऱ्या उंदरांवर तपासणे हे आमचे काम. मागील वर्षी ह्याच समारंभात, जेवणाच्या पंगतीत, आपल्यातीलच एका कुटुंबातील मुलीने आम्हांला विचारले, “काका, तुम्ही वंदनेला पंचशील म्हणता आणि मग कामावर जाऊन उंदरांना गॅस देता, हे कसे?” त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला. परंतु तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आजचे भाषण हे त्या मुलीला एक वर्ष उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम हे काम कसे चालते ते सांगतो. काच व पोलाद ह्यांची एक बंद पेटी असते. तिच्यातून शुद्ध केलेली हवा सतत वाहत ठेवतात आणि त्या हवेत रसायनाचे बाष्प मोजून सोडतात. अलीकडे पसंतीची पद्धत अशी, की प्रत्येक उंदीर एका नळीत ठेवायचा आणि केवळ त्याचे नाक बाष्पाच्या प्रवाहात येईल अशी रचना करायची, म्हणजे अंगावरील केसांना चिकटलेले रसायन चाटल्याने पोटात जात नाही. ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ मध्ये ह्या चाचणीची मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध केली व २००९ मध्ये ती सुधारली. चाचणीचा नेहमीचा कालावधी चार तासांचा. त्यानंतर किमान चौदा दिवस प्रत्येक प्राण्याचे निरीक्षण करावयाचे, वजन करावयाचे आणि शेवटी शवविच्छेदन करून फुप्फुसे पाहावयाची. ज्या प्रमाणात निम्मे प्राणी मरतात त्या प्रमाणास आमच्या शास्त्रात ‘एलसी-५०’ म्हणतात. निम्म्या मृत्यूंचे हे माप ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये औषधांसाठी मांडले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे तेच वर्ष. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु आमच्या मनात त्या नेहमी शेजारी शेजारी उभ्या राहतात. त्याचे कारण पुढे सांगू.

ह्या पेटीतील हवेची केवढी काळजी घ्यावी लागते, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. प्राणवायू एकोणीस टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. तापमान बावीस अंश सेल्सियसच्या आसपास हवे. आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत हवी. बाष्पाचे प्रमाण केवळ हिशेबाने काढून चालत नाही, कारण काही बाष्प भिंतींना चिकटते, काही विघटित होते. म्हणून उंदराच्या नाकाजवळची हवा काढून ती यंत्राने पुन्हा पुन्हा मोजावी लागते. ह्यांतील एक जरी नोंद राहिली तरी अहवाल अग्राह्य ठरू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

आता एका विशिष्ट रसायनाकडे वळतो. त्याचे नाव मिथिल आयसोसायनेट. कारखान्यात त्याला ‘मिक’ म्हणतात. हे पाण्यासारखे पातळ द्रव सुमारे एकोणचाळीस अंशांवर उकळते, म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्याच्या दुपारीच ते वाफ होऊ पाहते. पाण्याशी त्याची प्रक्रिया झाली की उष्णता निर्माण होते. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते, म्हणून ती जमिनीलगत पसरते. १९६४ मध्ये किमर्ले आणि एबेन ह्या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ह्या रसायनाच्या विषारीपणाचा अभ्यास एका जर्मन विषशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. चार तासांच्या श्वसनानंतर निम्मे उंदीर मरण्याचे प्रमाण त्यांना आढळले ते हवेच्या दशलक्ष भागांत केवळ पाच भाग. सोप्या भाषेत सांगावयाचे तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत ह्या द्रवाचे सहा-सात थेंब उडून गेले तर एवढे प्रमाण होते. आज आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाष्पांच्या ज्या वर्गाला ‘अतिघातक’ हे पहिले स्थान आहे, त्याच्या सीमारेषेपेक्षाही हे प्रमाण सुमारे चाळीसपट कमी आहे.

त्याच अभ्यासात चार स्वयंसेवकांनी काही मिनिटे अत्यल्प प्रमाणातील बाष्प हुंगले. दशलक्षात दोन भाग असताना त्यांना वास आला नाही. मात्र डोळ्यांतून पाणी येऊ लागले. एकवीस भागांना ते सहन करणे अशक्य झाले. पुढे अमेरिकेत कामगारांसाठी जी मर्यादा ठरली ती दशलक्षात ०.०२ भाग, म्हणजे पन्नास दशलक्षांत एक भाग. ह्याचा अर्थ असा, की डोळे पहिली सूचना देतात तेव्हा मर्यादा शंभरपट ओलांडलेली असते, आणि नाक तर त्या वेळीही गप्पच असते. हे सर्व १९६४ मध्ये छापले गेले होते. भोपाळ १९८४ मध्ये घडले. मध्ये वीस वर्षे गेली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीचे शीतकरण बंद होते आणि निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. आमच्या हिशेबाप्रमाणे, तो समप्रमाणात मिसळला असे मानले तर सुमारे साडेतीन घन किलोमीटर हवा उंदरांच्या त्या प्राणघातक प्रमाणापर्यंत नेण्यास तो पुरेसा होता. कुंपणाला लागून जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा वस्त्या होत्या. तेथे राहणारे कोण? हातावर पोट असलेले मजूर, हमाल, विडी वळणाऱ्या बाया. त्यांत दलित आणि मुस्लिम मोठ्या संख्येने. वायू जड असल्यामुळे जमिनीवर झोपलेल्यांपर्यंत आणि लहान मुलांपर्यंत तो आधी पोहोचला. लोक जिवाच्या आकांताने धावले. विषशास्त्र सांगते, की धावणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा छातीत घेतो, म्हणजे विषही कित्येक पट घेतो. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढे दोन शब्द त्या वस्तीला अगोदर सांगितले असते तर काही जीव नक्कीच वाचले असते. ते कोणी सांगितले नव्हते. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांनासुद्धा त्या रात्री समोरच्या रुग्णाने काय हुंगले आहे हे ठाऊक नव्हते.

मध्य प्रदेश शासनाने वायुकांडातील मृतांची संख्या ३,७८७ अशी दिली. अन्य अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. इजा झालेल्यांची संख्या शासनाने २००६ मध्ये प्रतिज्ञापत्रावर ५,५८,१२५ अशी सांगितली. तत्पूर्वी, डिसेंबर १९८१ मध्ये, ह्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ मध्ये राजकुमार केसवानी ह्या भोपाळच्या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे असा इशारा दिला होता. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी वस्तीशी संवाद केला नाही.

ह्या ठिकाणी आम्हांला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका द्रावकाच्या चाचणीवर आम्ही होतो. चार तासांच्या श्वसनात एकही उंदीर मेला नव्हता. सगळे शांत, खाऊपिऊ लागलेले. नवव्या दिवशी, सुटीच्या सकाळी, एक उंदीर पिंजऱ्यात मेलेला आढळला. घरी लवकर जाण्याच्या घाईत आम्ही वहीत लिहिले, ‘मृत्यूचे कारण अन्य, चाचणीशी संबंध दिसत नाही.’ सोमवारी आमच्या वयोवृद्ध वरिष्ठांनी ती नोंद वाचली. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “तुम्ही छाती उघडून पाहिली काय?” शीतपेटीतील तो उंदीर त्यांनी आमच्याच हाताने उघडविला. फुप्फुसे जड, गडद लाल आणि पाण्याने भरलेली होती. मग आमच्या ओळीवर एकच रेघ मारून, खाली सही व तारीख घालून, खरी नोंद करण्यास त्यांनी सांगितले. जुनी ओळ खोडरबराने पुसण्यास ह्या शास्त्रात मनाई आहे. चूकही वाचता आली पाहिजे. ती वही आमच्या डोळ्यांपुढून आजतागायत गेलेली नाही.

भोपाळनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांवर मिकच्या पुन्हा चाचण्या केल्या. दोन तास, दशलक्षात तीन, दहा आणि तीस भाग. मृत्यू केवळ श्वसनाच्या वेळी झाले नाहीत. कित्येक प्राणी काही दिवसांनी मेले. वरच्या प्रमाणांतून जे वाचले त्यांच्या श्वासनलिकांच्या आतच तंतुमय गाठी धरलेल्या आढळल्या. भोपाळमध्ये मात्र पहिल्या काही दिवसांनंतर जे गेले त्यांच्या विधवांना आणि मुलांना हा मृत्यू वायूमुळेच झाला, हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. ‘मृत्यूचे कारण अन्य; संबंध दिसत नाही.’ ती ओळ आम्ही एका उंदराबाबत लिहिली होती. माणसांबाबत ती हजारो वेळा लिहिली गेली, आणि छाती उघडून पाहिली काय, असे विचारणारा वरिष्ठ तेथे सहसा भेटला नाही.

आपण ज्या देशात राहतो तेथेही कुंपणालगत कोण राहतो हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम व्हर्जिनियामध्ये ‘इन्स्टिट्यूट’ नावाचे गाव आहे. १८९१ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले महाविद्यालय, आजचे वेस्ट व्हर्जिनिया स्टेट विद्यापीठ, ह्याच गावात आहे, आणि वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. त्याच्या लगतच युनियन कार्बाइडचा मिक बनविणारा कारखाना होता. भोपाळनंतर आठ महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९८५ रोजी, तेथून दुसऱ्या एका विषारी रसायनाचा ढग बाहेर पडला आणि सुमारे १३५ जणांना रुग्णालयात जावे लागले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने वस्तीला माहितीचा अधिकार देणारा कायदा केला, तो भोपाळ आणि इन्स्टिट्यूट ह्या दोन नावांमुळे. तरीही मिक तेथे राहिलाच. २००८ मध्ये, मालकी बदललेल्या त्याच कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार दगावले. मिकची टाकी त्या जागेपासून फार दूर नव्हती. अखेर २०११ मध्ये तेथील मिकचे उत्पादन कायमचे थांबले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. जयप्रकाश नगर आणि इन्स्टिट्यूट ही दोन नावे एकत्र उच्चारताना आम्हांला त्या पत्राची आठवण होते.

भारतातही भोपाळनंतर कारखाना अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. अनुज्ञेय प्रमाणांची अनुसूची जोडली गेली, आणि तिच्यात मिकसमोर तोच ०.०२ चा आकडा आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ ह्या काळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगाराच्या जीविताची जबाबदारी राज्यावर आहे, ही भूमिका सातत्याने घेतली होती. कायद्याच्या ह्या कलमांत त्याच भूमिकेचा धागा आम्हांला दिसतो. परंतु त्यासाठी एवढ्या प्रेतांची किंमत मोजावी लागावी, हे लांच्छन आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, भोपाळ दूरचे वाटेल म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो. हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू. उंदरांमध्ये त्याचा चार तासांचा एलसी-५० दशलक्षात ४४४ भाग असा नोंदलेला आहे. ह्या वायूचा कपट असा, की प्रमाण शंभर भागांच्या पुढे गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला, म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते, आणि नेमका तेव्हाच तो मृत्यूच्या जवळ आलेला असतो. हा वायू कोठे साठतो? गटारात, मॅनहोलमध्ये, सेप्टिक टँकमध्ये. आणि त्यांत कोण उतरतो, हे ह्या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणालाही मॅनहोलमध्ये उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपयांची भरपाई ठरविली. तरी वृत्तपत्रात बातमी येतेच: एक उतरला, तो वर आला नाही म्हणून दुसरा उतरला, त्याला काढण्यासाठी तिसरा. आपल्या गावाकडच्या नात्यागोत्यांत अशी बातमी येऊन गेलेली कुटुंबे येथे बसलेली आहेत.

आता काचेच्या पेटीकडे परत येऊ. आमच्या पेटीतील उंदरासाठी प्राणवायू एकोणीस टक्के आहे की नाही हे यंत्र मोजते. त्याच्या नाकाजवळची हवा ठरलेल्या वेळी तपासली जाते. तो मेला तर का मेला, हे पाहिल्यावाचून अहवाल पुरा होत नाही. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या आमच्या भावासाठी ह्यांतील काय केले जाते? उंदराला जेवढा शास्त्राचा आधार मिळतो तेवढाही ज्या समाजात सफाई कामगाराला मिळत नाही, त्या समाजात दोष शास्त्राचा नाही. महाडला पाणी सार्वजनिक आहे हे सिद्ध करावे लागले. हवा सार्वजनिक आहे, हे म्हणायला सगळेच म्हणतात; पण त्या हवेत काय आहे ह्याचे ज्ञान मात्र काही थोड्यांच्या कपाटात ‘गोपनीय’ असा शिक्का मारून ठेवलेले असते. पाण्यावरील बंदी आपल्याला दिसली, म्हणून आपण तिच्याशी झुंजलो. ज्ञानावरील बंदी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक काळ टिकते. आमच्या मनात १९२७ च्या त्या दोन घटना शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्या ह्या कारणाने.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. पहिले शील आम्ही मानतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम ह्यांत भेद केला आहे. गरज म्हणून होणारी हत्या आणि इच्छेखातर होणारी हत्या ह्यांतील फरक त्यांनी दाखविला आहे. नियम पाळला की माणूस विचार करण्यातून मोकळा होतो. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विचार करावयास लावते. आम्ही ह्याचा आधार सबब म्हणून घेत नाही. प्रत्येक चाचणीपूर्वी आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो: हे ज्ञान खरोखर आवश्यक आहे काय? ते प्राण्यावाचून मिळू शकते काय? आणि ते मिळाल्यावर ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणार आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांवर शास्त्राने वाट चालली आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च ह्यांनी प्राण्यांऐवजी पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. २०१७ मध्ये ओईसीडीने अशी पद्धत मान्य केली, की तीत मृत्यू मोजण्याऐवजी विषबाधेची स्पष्ट लक्षणे दिसताच निष्कर्ष काढता येतो. परंतु तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. १९६४ मधील ते उंदीर मेले, त्यांच्यापासून मिळालेले ज्ञान छापले गेले, आणि तरी जयप्रकाश नगरला ते पोहोचले नाही. मग ते प्राणी कशासाठी मेले? बाळ, पंचशीलाचा भंग नेमका कोठे होतो, हे तू विचारलेस. आम्हांला वाटते, प्राण घेऊन मिळविलेले ज्ञान कपाटात कोंडले जाते, तेथे तो सर्वांत मोठा होतो. तरीही उंदराला पेटीत ठेवताना आमचा हात आजही क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा असेच आम्हांला वाटते. ज्या दिवशी तो थांबणार नाही, त्या दिवशी आम्ही हे काम सोडलेले बरे.

शेवटी तीन विनंत्या. आपल्यापैकी अनेकजण कारखान्यांत, गोदामांत, रुग्णालयांत आणि सफाईच्या कामांत आहेत. आपण जे रसायन हाताळता त्याचे सुरक्षा माहितीपत्रक मागण्याचा आपणांस अधिकार आहे. त्यातील अकरावा भाग विषारीपणाचा असतो. एलसी-५० चा आकडा, प्राण्याचे नाव आणि तासांची संख्या ही तिन्ही पाहावीत. तास लिहिलेले नसतील तर आकडा निरर्थक समजावा. दुसरी विनंती पालकांना. आपली मुले संगणकशास्त्राकडे वळतात, त्याचा आनंदच आहे. पण त्यांतील एखाद्याने विषशास्त्राकडे, कामगार-आरोग्याकडे वळावे. कुंपणाच्या आत आपला माणूस असेल तर बाहेरच्या वस्तीला निरोप मिळण्याची शक्यता वाढते. तिसरी विनंती ह्या संस्थेला. प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारी हातात मावणारी यंत्रे मिळतात. मायदेशातील सफाई कामगारांच्या संघटनांना ती देण्याचा विचार संस्थेने करावा. मात्र ते यंत्र माणसाला खाली उतरविण्याची परवानगी ठरू नये. माणसाने मॅनहोलमध्ये उतरू नये हेच आपले म्हणणे आहे, आणि यंत्रातील आकडा त्या म्हणण्याचा पुरावा म्हणून वापरावा.

 त्या मुलीने पुढील वर्षी आणखी एखादा अवघड प्रश्न विचारावा, एवढीच इच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!